तो नारळ माफीचा नव्हता

त्या कोरियन मालिकेच्या शेवटच्या भागाचा मला अजून राग येतो. मालिकेवर माणसाने इतकं चिडू नये, हे मलाही कळतं. टीव्ही बंद करावा, कुकर लावावा आणि विसरून जावं. पण ती मालिका मी शोभाच्या शेजारी बसून पाहिली, आणि शोभासोबत पाहिलेली गोष्ट पडद्यापुरती राहत नाही.

शोभा आमच्या सुकापूरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. तिचं सासर कोनच्या बाजूचं. शेती होती तोवर ती माणसं भात लावायची. मग जमिनी गेल्या. कुणी बंगला बांधला, कुणी डंपर घेतले, कुणी पैसे उडवून मोकळा झाला. शोभाच्या सासऱ्यांच्या, काशिरामच्या, वाट्याला मुळातच थोडं होतं. त्यामुळे नवरा प्रणित बंदरात ट्रेलर चालवतो आणि शोभा तांदळाच्या भाकऱ्या करते. आगरी घरात हळद असली की अख्खं गाव जेवायला येतं. यजमान मंडपवाल्याच्या आधी शोभाला सांगून ठेवतो. मग ती आणि तिच्या बायका मांडवामागे चुली पेटवतात आणि पंगती उठेपर्यंत उठत नाहीत. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. माझी तव्यावरून उतरतानाच रुसलेली असते.

शोभा तोंडाची फटकळ. गॅस सिलिंडरवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे तिला टरकून असतात. पण लेकीच्या शाळेत गेली की हीच बाई पदर खांद्यावरून घेऊन भिंतीला चिकटून उभी राहायची. मला ते बघवायचं नाही.

लेक समीक्षा. पहिलीत असताना तिचा आरटीईत नंबर लागला, खारघरच्या अलीकडच्या एका बड्या शाळेत. काचेची इमारत, पोहण्याचा तलाव, कॅन्टीनमध्ये पास्ता. पोरगी हुशार निघाली आणि दरवर्षी वरच्या नंबरात येत राहिली. पण ती सरकारी सोय आठवीपर्यंतच. नववीपासून फी आपली, आणि त्या शाळेची फी भाकऱ्यांतून निघणारी नव्हती. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या होत्या, गुणी मुलांना फीमध्ये सवलत देता येते, शाळेची समिती ठरवते. समीक्षा तेव्हा आठवीत होती. घरात उठता बसता तोच विषय.

मालिका समीक्षानेच सुचवली. माझ्याकडे ते ॲप होतं आणि टीव्हीही मोठा. दर रविवारी दुपारी मायलेकी वर यायच्या. हिंदीत डब केलेली मालिका, गोष्ट एका श्रीमंतांच्या शाळेची. त्यात एक गरीब मुलगी शिकायला येते, आणि तिची आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात रांधते. त्या मुलीचं नाव आम्हाला कधी धड म्हणता आलं नाही. शोभा तिला ‘आपली पोरगी’ म्हणायची.

सुरुवात झकास होती, हे कबूल करायला हवं. श्रीमंत पोरं आपल्या पोरीच्या डोक्यावर जेवणाचं ताट ओततात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई ते बघते. बघते आणि पुन्हा डाव भातात घालते. त्या प्रसंगाला शोभाने चहाचा कप खाली ठेवला आणि भाग संपेपर्यंत उचलला नाही. आपल्याला वाटलं, वा, ह्या लोकांना कळलंय. आता ही पोरगी एकेकाला नीट जाब विचारणार. शोभा तर पैजच लावायला निघाली होती.

पुढे मालिका ढेपाळत गेली. एक श्रीमंत पोरगा छत्री घेऊन उभा. तो वळून बघतो, ती वळून बघते, केस उडतात, गाणं लागतं. तीन भाग नुसती छत्री. माझा जीव जळत होता, पण शोभा म्हणायची, धीर धरा ताई, शेवटाला बघा.

मधल्या काळात खऱ्या शाळेत जे घडायचं ते घडलं.

समीक्षाच्या वर्गात रिया नावाची मुलगी आहे. रिया कुणी मुंबईहून उतरलेली शेठाणी नव्हे. तिचा बाप कल्पेश शोभाच्या सासरच्याच भाऊबंदांपैकी, प्रणितचा चुलत भाऊ. जमिनीचे पैसे त्याने डोकं लावून फिरवले आणि आता तो बिल्डर आहे. गावदेवीच्या देवळाची फरशी त्याने घातली, शाळेच्या त्या समितीवरही तोच. शोभाला तो वैनी म्हणतो. नात्यातल्या एका हळदीला शोभा भाकऱ्या करत होती. चुलीसमोर उकिडवी बसलेली, घामाने निथळलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, धुरामुळे डोळे बारीक. रियाने मांडवामागे जाऊन तिचा व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘टॉपरची मम्मी, लाइव्ह काउंटर’.

ती भाकरी रियानेही त्याच पंगतीत खाल्ली होती. मला राग त्याचा आहे.

सोमवारी स्कूलबसमध्ये पोरं समीक्षाला बघून हातावर हात थापटायला लागली. तिने रियाला व्हिडिओ काढून टाक म्हणून सांगितलं. रिया म्हणाली, त्यात खोटं काय आहे? समीक्षाने तिच्या कानाखाली दिली.

मारायला नको होतं, हे शोभाने लेकीला घरी आल्या आल्या सुनावलं. पण शाळेने काय केलं? शाळेला थप्पड दिसली, व्हिडिओ दिसला नाही. तो म्हणे शाळेच्या बाहेर काढलेला, त्यात शाळा काय करणार. समीक्षाने सगळ्या वर्गासमोर रियाची माफी मागावी, सगळी चूक आपली होती असं म्हणावं, म्हणजे विषय संपेल. आणि मॅडमनी गोड आवाजात जोडून दिलं की समितीपुढे नववीच्या सवलतीचा विषय यायचा आहे, तेव्हा रेकॉर्ड स्वच्छ असलेलं बरं. ह्याला धमकी म्हणत नाहीत. ह्याला मार्गदर्शन म्हणतात.

दोन्हीकडच्या पालकांना बोलावलं. शोभाने मला सोबत चला म्हटलं. निघताना तिच्या पिशवीत नारळ होता. मी म्हटलं, हा कशाला? तेव्हा तिने सांगितलं.

त्यांच्या गावकीची एक रीत आहे. कुणावर अन्याय झाला तर त्याने बोंबलत फिरायचं नाही. गावदेवीसमोर सगळ्या गावाच्या देखत नारळ ठेवायचा. ज्याचं गाऱ्हाणं, त्याचा नारळ. दोन्ही बाजू बोलून होईपर्यंत त्या नारळाला कुणी हात लावत नाही. मग गाव ज्याला चुकलेला म्हणेल त्याने तो उचलून फोडायचा, आणि फुटला की विषय संपला. पुढे कुणी तो उकरून काढत नाही. शोभाच्या सासऱ्याने एकदा बांधाच्या भांडणात असाच नारळ ठेवला होता आणि खुद्द पोलीस पाटलाला तो फोडावा लागला होता. शोभाला वाटलं, मॅडमना नसेल ठाऊक, पण समोर कल्पेश आहे. तो गावचा आहे. त्याच्या समोर नारळ ठेवला की त्याला बोलणं भाग पडेल.

ऑफिसात ती वाकून नमस्कार करून आत गेली आणि मॅडमच्या टेबलावर, बरोब्बर मध्ये, नारळ ठेवला. तोंड उघडणार तोच मॅडमचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, ही गरीब बाई माफीचा नारळ घेऊन आली. किती सुंदर संस्कृती आहे तुमची, असं काहीतरी त्या इंग्रजीत म्हणाल्या. मॅडमना मी माफ करीन. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

कल्पेशला कळलं होतं. नारळ टेबलावर टेकला तेव्हा त्याचा पडलेला चेहरा मी पाहिला. क्षणभरच. मग मॅडमचं बोलणं ऐकलं आणि त्याला वाट सापडली. तो हसला. म्हणाला, वैनींनी मोठं मन केलं. आणि स्वतःच्या हाताने नारळ उचलून कोपऱ्यातल्या गणपतीसमोर नेऊन ठेवला. दोन्ही बाजू बोलायच्या आधी. गावात असं कुणी केलं असतं तर त्याला देवळाची पायरी चढू दिली नसती. शोभा उभी राहिली तशीच राहिली. मी बोलायला गेले तर तिने माझा हात दाबला. नववी, दुसरं काय.

मग समीक्षाला बोलावलं आणि वर्गात नेलं. ती इंग्रजीत म्हणाली, सगळी चूक माझी होती, मला माफ करा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी वाजवतात अशा वेळी, मला कुणी समजावून सांगेल का?

त्यानंतर पोरगी बदलली. आईला डबा द्यायला शाळेत येऊ नको म्हणायला लागली. हळदीला जाणं बंद. एकदा माझ्याकडे गणित सोडवत असताना मध्येच म्हणाली, “मावशी, आई तिथे तशी बसली नसती तर काहीच झालं नसतं ना?” मी पेन्सिल खाली ठेवली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांवर चिडले आहे, पण त्या दिवशी कुणावर चिडू ते मला कळेना. शोभाला मी हे सांगितलं नाही. तिला आधीच कळलेलं होतं.

अशात मालिकेचा शेवटचा भाग आला.

शेवटच्या भागात कळतं की आपली पोरगी गरीब नव्हतीच. ती शाळेच्या मालकाची हरवलेली नात. खांद्यावरच्या जन्मखुणेवरून ओळख पटते. मग सगळी पोरं, मास्तर, त्यांचे आईबाप ओळीने तिच्यापुढे कमरेत वाकतात, माफी मागतात. ती रडते, सगळ्यांना माफ करते आणि पांढऱ्या ड्रेसमध्ये छत्रीवाल्याबरोबर जिना उतरते. संपलं.

मी शिव्या घातल्या. लेखकाला, दिग्दर्शकाला, ज्याने पैसे घातले त्याला. इतक्या भागांत जे उभं केलं ते एका जन्मखुणेवर विकून टाकलं. नावं वर सरकायला लागली तशी शोभा म्हणाली, “आनि ती रांधनारी?”

खरंच की. त्या आईचं काय झालं ते मालिकेने दाखवलंच नव्हतं. खरी आई दुसरीच निघाल्यावर ही कुणाच्या कामाची राहिली नव्हती.

“माफी पोरीची नाय मागितली ताई,” शोभा म्हणाली. “तिच्या आज्याच्या पैशाची मागितली. ती गरीब असती तर अजून ताट तिच्या डोक्यावरच असतं.” मग ती रडली नाही, ओरडली नाही. तिने रिमोट उचलून ते ॲप बंद केलं आणि समीक्षाला म्हणाली, चल घरी.

पुढे जे झालं ते कुणी मालिकेत दाखवलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. कल्पेश गावाच्या कडेला टॉवर बांधत होता आणि तिथे जायच्या रस्त्यासाठी मोजणी झाली. रस्त्याच्या तोंडाशीच एक चिंचोळी पट्टी काशिरामच्या वाट्याची निघाली. सासरे गेल्यावर ती प्रणितने शोभाच्या नावावर केली होती. तिची सही नसेल तर रस्ता नाही आणि रस्ता नसेल तर टॉवर नाही. ही बातमी शोभाकडे आली तेव्हा नवराबायकोने एका जेवणात निर्णय घेतला. रस्ता गावाचाही आहे, अडवायचा नाही, गावात बाकीच्यांना मिळाला तोच भाव घ्यायचा. कल्पेशला मात्र हे माहीत नव्हतं.

तो आला तेव्हा मी भाकऱ्या घ्यायला शोभाकडेच बसले होते. सोबत रिया, वकिलाकडचा एक माणूस, मिठाईचा बॉक्स आणि नारळ. ह्या खेपेला नारळ त्याने आणला. खुर्ची दिली तर खाली चटईवर बसला. म्हणाला, वैनी, झालं गेलं मनात ठेवू नका, आपण एका रक्ताची माणसं, पोरीला तुमच्या पाया पडायला आणलंय, आणि समीक्षाच्या सवलतीचं मी समितीत स्वतः बघतो. रियाने शोभाच्या पायाला हात लावला आणि सॉरी काकी म्हणाली. समीक्षा आतल्या दारात उभी होती. तिलाही सॉरी म्हणाली. पाठ केलेलं होतं, पण म्हणाली.

मी शोभाकडे बघितलं. आम्हा दोघींच्या डोळ्यांसमोर तेव्हा एकच गोष्ट होती. ती ओळ, ते वाकलेले लोक, तो जिना.

शोभाने नारळाला हात लावला नाही. तिने विचारलं, मोजणी कधी झाली? कल्पेश म्हणाला, गेल्या आठवड्यात. मग ती वकिलाच्या माणसाला म्हणाली, कागद आणा. मी वाचून दाखवला, तिने डोळे मिटून ऐकला आणि जिथे जिथे सांगितलं तिथे सही केली. कल्पेशचा चेहरा फुलला. त्याने कागद घेऊन नीट पाहिले आणि त्या माणसाकडे दिले. तो माणूस ते बॅगेत घालतोय हे शोभाने पाहिलं, चेन लागेपर्यंत थांबली आणि मग बोलली.

“आता माज्याकडं तुमाला लागनारं काय नाय, भावजी. आता मी निसती भाकऱ्या करनारी. आता मागा माफी. पोरीनं नको, तुमी. त्या दिवशी तो नारल कशाचा होता, ते तुमाला ठाव होतं.”

शेगडीवरचा तवा रिकामा तापत होता, गॅस बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. एक शब्द म्हणायचा होता त्याला. भाऊबंदांच्या घरात, चार भिंतींत, कुणी बघत नसताना. मला वाटतं त्याच्या ओठांपर्यंत तो आलाही असेल. मग त्याने बॅगेकडे पाहिलं.

“वैनी, तुमी बी ना,” तो हसत उठला, “टीव्ही लय बघता.” आणि रियाला म्हणाला, चल.

रिया सँडल घालताना अडखळली. समीक्षाकडे बघत राहिली, जणू अजून काही म्हणायचं होतं. बापाने गाडीतून हॉर्न वाजवला आणि ती गेली. मिठाईचा बॉक्स राहिला. नारळही राहिला, चटईच्या काठावर, तो आता कुणाच्याच कामाचा नव्हता.

मी कल्पेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शोभाने गॅस बंद केला. समीक्षा दारातून पुढे आली आणि आईच्या शेजारी चटईवर बसली. पुष्कळ दिवसांनी ती आईच्या इतकी जवळ बसली होती. म्हणाली, “आई, मी माझं सॉरी परत घेऊ शकते?”

शोभाने विचार केला. तिच्या गावात ठेवलेला नारळ परत घेत नाहीत. पण तो ठेवला होता न्यायासाठी, आणि न्याय कुणी केलाच नव्हता.

“घेऊ,” ती म्हणाली. “नारलबी घेऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. शोभा भिंतीला चिकटून उभी राहिली नाही. सरळ ऑफिसात गेली आणि गणपतीला नमस्कार करून त्याच्यापुढचा नारळ उचलला. तो तिथेच होता, शेंडीला कुंकू लावलेला. कानाशी हलवून पाहिला. आतलं पाणी आटलं होतं. मॅडम विचारत होत्या, काय चाललंय हे. शोभाने शांतपणे सांगितलं की हा नारळ माफीचा नव्हता, गाऱ्हाण्याचा होता, तुम्ही गाऱ्हाणं ऐकलं नाही म्हणून परत नेते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मराठीतच सांगितलंय की त्यांनी.

समीक्षा तोवर वर्गात पोहोचली होती. ऑफिसातून बाहेर पडून मी वर्गाच्या काचेतून पाहिलं. तिने हात वर केला, उभी राहिली आणि इंग्रजीत सुरुवात केली. मग मध्येच मराठीवर आली. म्हणाली, “मी मारलं त्याचं सॉरी तसंच राहू दे. पण सगळी चूक माझी होती असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. ते मी परत घेते. व्हिडिओत माझी आई आहे. ती काम करतेय.” ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. रिया बाकावर मान खाली घालून बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

समीक्षा दप्तर घेऊन बाहेर आली. मॅडम आमच्या मागोमाग पॅसेजपर्यंत आल्या. आवाज अजून गोडच होता. म्हणाल्या, समितीची बैठक व्हायची आहे, ह्या सगळ्याचा परिणाम होऊ शकतो, पोरीच्या नववीचा तरी विचार करा. शोभाने नारळ पिशवीत टाकला, लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदाच त्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलली.

“नववी पनवेललाबी हाय, बाई.”